पिंपातला वैमानिक

जयगडपासून दापोलीपर्यंत माझ्यासारखा वैमानिक तुम्हाला शोधून सापडायचा नाही. मी विमानात कधी बसलो नाही, ही गोष्ट वेगळी. खऱ्या विमानात बसून कुणीही उडेल. पिंपात बसून उडायचं तर अंगात काहीतरी असावं लागतं.

हसायचं असेल तर हसून घ्या. आमचं गाव इतकी वर्षं हसतंय, अजून कुणाचं पोट दुखलेलं नाही.

माझं नाव नझीर. धंदा खलाश्याचा, पडावावर सुकाणू धरायचं काम. मुंबईची बोट खाडीच्या तोंडाशी उभी राहते, तिचे उतारू पडावातून बंदराला आणायचे आणि जाणारे नेऊन सोडायचे. जर्मनच्या लढाईत सरकारला दोर ओढणारे हात हवे होते, म्हणून आम्हा काही खलाश्यांना इजिप्तला नेलं. तिथे वाळवंटात गोऱ्या साहेबांना लढाऊ विमान चालवायला शिकवत. विमानं थोडी, साहेब फार, आणि शिकता शिकता साहेब विमानासकट वाळूत घुसायचे. मग कुणीतरी डोकं चालवलं. एक भलंमोठं लाकडी पिंप आडवं कापलं आणि चार दोरांवर टांगलं. साहेबाने आत बसायचं. हातात दांडा, पायाखाली आडवी पट्टी. बाहेरून आम्ही चौघे दोर ओढणार आणि हवालदार ओरडणार, डावीकडे, उजवीकडे, खाली. वारा आम्ही, वादळही आम्हीच. एकजण बांबूला लाकडी पाखरू बांधून वाळूतून धावायचा, तो शत्रू. साहेबाने त्याच्यावर नेम धरायचा.

साहेब आपापसात बोलायचे त्यातलं तुटकंतुटकं मला कळायचं. लढाई सुरू झाली तेव्हा विमानाचं काम नुसतं बघायचं होतं. शत्रूची तोफ कुठे, फौज कुठे, ते बघून परत यायचं. वाटेत शत्रूचं विमान भेटलं तर दोघे एकमेकांना हात हलवायचे म्हणे. मग एकाने पिस्तूल नेलं, दुसऱ्याने बंदूक नेली, आणि पुढे विमानालाच मशीनगन बसली. मला त्यातली हात हलवायची गोष्ट आवडायची. एवढ्या आभाळात एकटा माणूस, आणि त्याला दुसरा भेटतो.

मी परत आलो तेव्हा घराला बाहेरून कडी होती. मानमोडीच्या साथीत कनीज गेली. लग्नाला थोडेच महिने झाले होते आणि मी निघालो होतो. ती तापाने तळमळत होती तेव्हा मी कुठल्यातरी साहेबाला झोके देत होतो. लोक म्हणाले, दुसरी कर. नाही केली. का नाही केली ते विचारू नका, मला राग येतो.

पुढे एकदा बोटीवरचं फुटकं पिंप मला फुकटात मिळालं. ते मी घरासमोरच्या उंडीच्या झाडाला टांगलं. आत बसायला फळी, हाताला दांडा, पायाला पट्टी. पट्टीच्या टोकांचे दोर जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना असे बांधले की पाय रेटला की पिंप गर्रकन वळावं. पडाव किनाऱ्याला लागला की संध्याकाळी मी त्यात जाऊन बसायचो. जमिनीपासून फार तर कमरेइतका वर. पण घराकडे पाठ करून बसता यायचं, आणि रिकाम्या घराकडे तोंड करून बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

काशीराम मला या पिंपामुळेच भेटला. तो वर कातळाच्या सड्यावरच्या वाडीतला कुणबी. बाजाराच्या दिवशी डोक्यावर नाचणी घेऊन उतरायचा आणि सुकी मासळी घेऊन चढायचा. एके दिवशी पिंपासमोर थांबला.

"ह्या काय हाय?"

"इमान."

"उडता?"

"नाय."

"मग बरा हाय," तो म्हणाला. "उडनारी पडतत."

तो हसला नाही. मी त्याला तेवढ्यावर आपला मानला.

काशीरामही लढाईला जाऊन आलेला, पण बसऱ्याच्या पलीकडे, मराठा पलटणीत. नदीकाठच्या एका गावात तुर्कांनी त्यांना वेढून ठेवलं होतं. "खायाला घोडी," तो सांगायचा. "आमी काय घोडी खातंव? उपाशी ऱ्हायलो. तेवा वरसून इमान आला नि पिठाची पोती टाकलानी. काय नदीत पडली, काय तुर्कांच्या डोक्यात. एक आमच्यात पडला नि फुटला. मातीसकट भाकरी केली." त्याच्या लेखी विमान म्हणजे पीठ टाकणारी वस्तू. माझ्या लेखी विमान म्हणजे दोघांची झुंज. भांडायला एवढं पुरेसं होतं आणि भांडण झालं की ओळख पक्की होते.

मग खेळ सुरू झाला. मी पिंपात, काशीराम शत्रू. बांबूच्या टोकाला सूप बांधायचं, त्यावर कोळशाने फुली मारायची आणि त्याने पाठीमागून, उन्हाच्या बाजूने यायचं. मी पिंप वळवून काठीचा नेम सुपावर धरला तर तो मेला. त्याच्या आधी सुपाची सावली पिंपात पडली तर मी मेलो. आम्ही दोघे मिशा पिकलेले घोडे, आणि मेल्यावर खरोखर रुसायचो. बोलणं म्हणाल तर "मेलास" आणि "नाय अजून". बाजाराचा दिवस उजाडला की मी पहाटेपासून उन्हाकडे बघायचो. आठवडाभर मला कुणी पाठीमागून गाठायला येत नसे. तो यायचा. मला जगात तेवढं एक माणूस होतं, आणि ते जाईल अशी भीती मला नेहमी वाटायची.

काशीरामचा मुलगा रावजी मुंबईला कारखान्यात होता. तिथून तो हवाई शिपाई म्हणून भरती झाला आणि पार पठाणांच्या सरहद्दीला गेला. ऐकून मी फुगलो. माझ्याच डोळ्यांदेखत वाढलेलं पोर खऱ्या विमानाच्या पाठच्या जागेवर बंदूक धरून बसतंय! तो शिमग्याला रजेवर आला तेव्हा मी काशीरामला बजावलं, "त्याला खाली घेऊन ये. इमानाला बसवूया."

रावजी आला. अंगाने भरलेला, पायात बूट. मान ठेवून "चाचा" म्हणाला आणि पिंपात बसला. काशीराम बांबू घेऊन पाठीमागे उभा राहिला. रावजीने डावा पाय रेटला, पिंप उजवीकडे वळलं आणि तो हसायला लागला.

"चाचा, ह्या उलटा बांधलाव."

"उलटा कसा? सुकानू डावीकडं लोटला की होडी उजवीकडंच जाते."

"होडी जाते. इमानात डावा पाय दाबला की डावीकडं."

इजिप्तमध्ये मी बाहेरून दोर ओढत होतो. आत साहेबाचा कुठला पाय कधी हलतो ते मला कधी दिसलंच नव्हतं. घरी बांधताना हात सुकाण्याचे, त्यांनी सुकाणूच बांधलं. इतकी वर्षं मी उलटं उडत होतो.

"बरा, वळायचा चुकला," मी म्हटलं. "पन शत्रू पाठीमागसून आला तर तू काय करतस ता सांग."

रावजीने दांड्यावरचा हात काढला. "चाचा, कोन येतच नाय. वर कोन नसता."

"मग लढतस कोनाशी?"

"त्यांच्याकडं इमानाच नायत. डोंगरात मातीची घरा हायत. आधी कागद टाकतंव, अमक्या दिवसाला गाव सोडा म्हणून. मग बॉम्ब टाकतंव. वरसून बकऱ्या धावताना दिसतत."

"आनि मानसा?"

"मानसा गेली असतीत," रावजी म्हणाला. "वरसून काय कळत नाय."

काशीरामने पाठीमागून विचारलं, "त्यांना कागद वाचता येता?"

रावजी पिंपातून खाली उतरला. त्याचा दोष नव्हता. हुकूम तो देत नव्हता आणि पगारावर घर चालत होतं. पण काशीरामला स्वतःचं नाव वाचता येत नाही. त्याने बांबू उंडीच्या बुंध्याला टेकवून ठेवला.

"आमच्यावर पीठ टाकलानी व्हता," तो म्हणाला आणि सड्याची वाट चढायला लागला.

पुढच्या बाजाराला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पाऊस लागला, पडाव ओढून ठेवले, बोटी बंद झाल्या आणि माझ्या दारात कुत्रंही फिरकेना. श्रावण उलटल्यावर त्याची बायको सावित्री मासळी न्यायला एकटीच उतरली.

"काशीराम खय हाय? आजारी नाय ना?"

"बरे हायत," ती म्हणाली. "पन मी तांदूळ पाखडायला घेतले की उठून भायेर जातत. सूप बघवत नाय त्यांना."

"माझ्यावर रागावलाय?"

"तुमच्यावर कशाला रागावतील? तुमचा नावसुदिक काढत नायत."

रागावला असता तर बरं झालं असतं. मी वाडीवर जाऊन विचारलंही असतं, पण काय विचारणार? मला येऊन मार, असं?

मी चिडून पिंपाचे दोर सोडले आणि रावजीने सांगितल्याप्रमाणे नव्याने बांधले. डावा पाय, डावीकडे. उजवा पाय, उजवीकडे. पिंप आता खऱ्या विमानासारखं वळत होतं. मी संध्याकाळभर वळत राहायचो. मान मोडेपर्यंत पाठीमागे बघायचो. पाठीमागे माझं घर असायचं, दुसरं काही नसायचं. एवढा एकटा मी कनीज गेली तेव्हाही नव्हतो, कारण तेव्हा निदान लोक भेटायला येत होते.

भातं कापून झाली आणि एके दिवशी काशीराम आला. बाजाराचा दिवस नव्हता. डोक्यावर ओझं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी धावत जाऊन बांबू उचलला.

"ता ठेव," तो म्हणाला. "आज मी बसतंय."

एवढ्या वर्षांत तो पिंपात कधी बसला नव्हता. धडपडत चढला, दोन्ही हातांनी कड धरून बसला.

"मग मी शत्रू?"

"नको. तू तुझ्या घराच्या दारात हुबा ऱ्हा."

मी जाऊन उभा राहिलो. त्याने पिंप वळवलं आणि माझ्याकडे तोंड केलं.

"नझीर, कागद टाकलाय. वाचलास?"

"मला खय वाचता येता?"

"घर सोडा म्हणून लिवलाय. आत कोन हाय?"

"कोन नाय."

"नीट बघून सांग. मला वरसून दिसत नाय."

मी वळून आत बघितलं. थंड चूल. गुंडाळलेली चटई. भिंतीवर खुंटी, तिला काही टांगलेलं नाही. मला राग आला.

"कोन नाय, काशीराम! कोन नाय सांगितला ना? टाक!"

तो काही टाकणार नव्हता, त्याच्या हातात काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी डोळे मिटून घेतले. मग त्याचा आवाज आला, एकदम हळू.

"तू हायस ना रे आत."

मी उंबऱ्यावर बसलो आणि रडलो. लाज वाटली नाही. घरात कोण आहे हे मोजताना मी स्वतःला धरलंच नव्हतं, आणि ते मला कमरेइतक्या उंचीवरून एका कुणब्याने सांगितलं.

पिंप त्याच दिवशी उतरवलं. दोर मी कापले, फळ्या त्याने फोडल्या. लाकूड चुलीला झालं.

पुढच्या बाजाराला काशीराम आला. मासळी घेऊन झाली तरी गेला नाही, उंडीखाली येऊन बसला. मीही बसलो. समोर खाडीला भरती लागली होती. मारायचं नाही, मरायचं नाही, तर आता करायचं काय, ते दोघांनाही सुचेना. तो पायाचं बोट मातीत फिरवत राहिला. मी दोराला एक गाठ मारली आणि सोडली. एकदा वाटलं, तो उठतोय.

"नझीर," तो म्हणाला. "कनीज कशी व्हती रे?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. गेली, वाईट झालं, दुसरी कर, एवढंच सगळे म्हणाले होते. मी भराभर सांगायला लागलो. उंचीला एवढी होती. भात ओतताना ओठ चावायची. बंदरावर सोडायला आली नाही, दारातच उभी राहिली आणि मी वळून बघितल्यावर काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?"

मी तोंड उघडलं. ती दारात उभी दिसली, ओठ हलताना दिसले. पण तिचा आवाज कसा होता, तोच मला आठवेना.