त्या दिवशी मी घरंगळलो नाही

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. किती जुना, तर माझ्यावर सोव्हिएत संघ अजून एकसंध आहे. तो मोडल्याचे मला कुणी कळवलेच नाही.

मी मूळचा पुठ्ठ्याचा. दोन वाट्या चिकटवून मला गोल केले, वरून कागदी देश डकवले आणि पत्र्याच्या पायावर तिरके बसवले. सांगलीच्या एका शाळेत मी वीस वर्षे नोकरी केली. मुले मला इतक्या जोरात फिरवत, की माझा दिवस अर्ध्या सेकंदात मावळायचा. पुढे भूगोलाच्या खोलीत संगणक आले आणि मी भंगारात गेलो. तिथून मला उचलले ते गोपाळकृष्ण सरांनी.

सर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, डाव्या विचारांचे. त्यांचे म्हणणे असे, की साम्राज्य कधी जात नसते. ते झेंडा उतरवते, पण दाराची किल्ली खिशात ठेवते. मग तेल, कर्ज, शस्त्रे, बियाणे, जमेल त्या वाटेने परत आत येते. हे सांगताना ते माझ्यावर बोट आपटत. सुएझ कालव्यावर ते इतके आपटले, की तो आता अर्धा इंच रुंद झाला आहे. तिथून कितीही मोठे जहाज जाईल.

हे सगळे ऐकणारा माणूस एकच. निवृत्त सुभेदार सयाजीराव. दर रविवारी सकाळी ते आपल्या गावाहून एसटीने येत. सोबत पत्नी अंजनाबाईंनी दिलेली काकवीची बाटली असे.

"सयाजीराव, तुमच्या उसाचा भाव ब्राझीलच्या पावसावर हलतो," सर म्हणत.

"मंग कारखान्याच्या चेअरमनला उगंच शिव्या देतूय व्हय आमी?"

"त्यालाही द्या. पण क्रम चुकवू नका."

"आवं सर, मी शांतिसेनेत आफ्रिकेत व्हतो. सात म्हैनं पाण्याच्या टँकरवर पहारा दिला. साम्राज्य काय दिसलं न्हाई. डास लय दिसलं."

"टँकर कुणाच्या कंपनीचा होता?"

सयाजीराव मला फिरवून आफ्रिका समोर आणत. मग म्हणत, "ह्ये मातूर तवा इचारायचं ऱ्हायलं."

असे अकरा वर्षे चालले. एकमेकांचे एकही मत न बदलता दोघे सुखी होते. मीही होतो.

मग सयाजीरावांचा मुलगा वीरधवल फौजेतून बावीस वर्षांची नोकरी करून परत आला. त्यांच्या गावात अशा जवानाची उघड्या जीपमधून मिरवणूक काढतात. पहिला नारळ वेशीजवळच्या दगडापाशी फुटतो. पहिल्या महायुद्धात त्या गावातून गेलेले अकरा जण परत आले नाहीत, असे त्या दगडावर कोरले आहे. त्या अकरांत सयाजीरावांचे पणजोबा होते. प्रमुख पाहुणे म्हणून गावाला पुढारी हवा होता. सयाजीराव अडून बसले. "पावणे आमचे सर. दुसरा कोण आला तर मी जीपम्होरं आडवा पडीन."

सर मला घेऊन व्यासपीठावर चढले. बोलायला दहा मिनिटे होती. पंचेचाळिसाव्या मिनिटाला ते इराकमधल्या बसऱ्याच्या लढाईला पोचले. जीपच्या ड्रायव्हरने गाडी तीनदा चालू करून बंद केली होती. सर म्हणाले, "इंग्रजांनी आपली पोरं नेली ती त्यांच्या तेलासाठी. त्या दगडावरचे अकरा जण कुणासाठी मेले? साम्राज्यासाठी मेले. वाया गेले."

मित्रांनो, हे सगळे अभ्यासून बोललेले होते. पण समोर हार घालून उभा असलेला वीरधवल होता आणि त्याच्या आईच्या हातात ओवाळायचे ताट होते.

पुढच्या रांगेतून म्हाताऱ्या रंगुबाई ओरडल्या, "आरं बाबा, माज्या आज्याला वाया म्हणतूय व्हय ह्यो?"

सयाजीराव उठले. त्यांनी माइक हातात घेतला. "सर, तुमचं जग बराबर आसंल. पर ही माणसं आमची हायती." मग मला उचलून सरांच्या हातात दिले आणि हळू आवाजात म्हणाले, "चला, तुमाला स्टँडवर सोडतो."

मला आजही एका गोष्टीचा पश्चात्ताप होतो. मी टेबलाच्या अगदी कडेला होतो आणि माझा पाया डुगडुगत होता. आयुष्यात मी विनाकारण कितीतरी वेळा पडलो आहे. एकदा तर शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या पोह्यांत पडलो. त्या दिवशी बसऱ्याच्या आधी घरंगळलो असतो, तर लोक हसले असते, सरांचे वाक्य तुटले असते, जीप निघाली असती. पण मी ठाम उभा राहिलो. एवढा तोल मी कधीच सांभाळला नव्हता.

त्यानंतर सयाजीराव आले नाहीत. सरांना आपली चूक कळली होती. ते माझ्यासमोर माफीचा सराव करत. "सयाजीराव, माझं चुकलं. अर्थात, वसाहतींच्या फौजांचा प्रश्न असा आहे की..."

आतून सरांच्या पत्नी चारुशीलाबाई विचारत, "अहो, माफी मागताय की तास घेताय?"

शेवटी सरांनी पत्र लिहायला घेतले. ते एकोणीस पानांचे झाले. खाली तळटिपा होत्या. दोन संदर्भ सापडत नव्हते, म्हणून पत्र पोस्टात टाकायचे राहिले. यात दोन वर्षे गेली.

मग वीरधवलचा फोन आला. "सर, आबा गेलं. मिरजेला चार दिवस दवाखान्यात व्हतं."

सर मला मांडीवर घेऊन एसटीने गेले. कंडक्टरने जगाचे तिकीट मागितले नाही. अंजनाबाई सोप्यात बसल्या होत्या.

"दर रविवारी दोन खुर्च्या टाकायला लावायचं," त्या म्हणाल्या. "म्हणायचं, सर भांडायला का व्हईना, येत्यालच."

"मला माफी नीट मांडता येईना, वहिनी."

"मांडायची कशाला? ते काय पेपर तपासणार व्हतं?"

सरांनी खिशातले पत्राचे जाड पाकीट बाहेर काढले नाही. मला मात्र त्यांनी तिथेच ठेवले.

आता मी त्या घरात टीव्हीशेजारी असतो. सर दर रविवारी येतात. परवा टीव्हीवर कुठल्याशा समुद्रात तेलाची जहाजे अडवल्याची बातमी होती. अंजनाबाई म्हणाल्या, "सर, ह्येच्यात कुणाचा डाव हाय वो? सांगा की. घर लय गप पडलंय."

सरांनी माझ्यावर बोट टेकवले. आपटले नाही. मग म्हणाले, "सयाजीराव काय म्हणाले असते, ते आधी सांगा."

अंजनाबाईंनी सांगायला तोंड उघडले आणि पदर डोळ्याला लावला.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. जग पोकळ असते, हे मी आतून सांगतो. पण ज्याच्याशी भांडायला मजा येते, असा माणूस जपा. त्याला दुखावलेत, तर 'माझं चुकलं' एवढे दोनच शब्द घेऊन जा. तिसरा सुचलाच, तर तो घरी ठेवा आणि मिळेल त्या एसटीने निघा.