तारीख नसलेली बातमी

नणंद आली ती खांद्याला लॅपटॉपची बॅग अडकवून, आणि चपला काढता काढता म्हणाली, "वहिनी, तुझं ते रोजचं दळण आज बंद करून टाकू."

दळण म्हणजे बातम्यांचं. वहिनी एका व्यापारी संघटनेच्या कार्यालयात कामाला होती. कागद, छपाई आणि पॅकिंग या धंद्यांतल्या बातम्या रोज सकाळी गोळा करायच्या आणि सभासदांसाठी त्यांचं एक पान तयार करायचं, हे तिचं काम. त्यासाठी ढीगभर वेबसाइट एकेक करून उघडाव्या लागत. निम्म्यांवर कालचंच शिळं असायचं, उरलेल्यांवर जाहिराती नाचायच्या. मागे एकदा जेवताना ती सहज कुरकुरली होती, आणि नणंदेनं ते मनावर घेतलं. नणंद एका हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळायची. घरात तिला सगळे बारकी म्हणत. तिशी उलटली तरी नाव काही वाढलं नाही.

नवरा सकाळच्या पाळीला कागदाच्या गिरणीत गेला होता. घरात दोघीच. स्वयंपाकघरातलं टेबल पुसून बारकीनं एक जुना, बिजागरी सैल झालेला संगणक मांडला.

"हा आता कुठे जाणार नाही," ती म्हणाली. "इथेच कोपऱ्यात चालू राहील आणि तू झोपलेली असलीस तरी बातम्या आणत बसेल. तुझ्या साइट, तुझा वाचक प्रोग्रॅम, तुझ्या घरात. मधे कोणी कंपनी नाही."

"आणि बिघडला तर?"

"तर मी आहे की. मला काय फक्त जेवायला बोलावतेस?"

मग तिनं कंटेनरची गोष्ट समजावली. कंटेनर म्हणजे झाकण घट्ट लावलेला डबा. एका डब्यात बातम्या वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, दुसऱ्या डब्यात त्याची साठवण. दोघांना लागेल ते सगळं ज्याच्या त्याच्या डब्यात, त्यामुळे याचं त्याला लागत नाही. कोणते डबे हवेत, ते एकमेकांशी कुठून बोलणार, ब्राउझरमधून कुठल्या पोर्टवर, म्हणजे कुठल्या दारातून दिसणार, हे सगळं एका फाइलमध्ये लिहायचं आणि एक हुकूम सोडायचा.

"आणि साठा मात्र डब्याच्या बाहेर, डिस्कवर ठेवायचा," बारकी टाइप करत म्हणाली. "उद्या डबा बदलला तरी आतला माल जायला नको."

हुकूम सोडला, आणि संगणकानं लाल अक्षरांत नकार दिला. फाइलमध्ये एका ओळीच्या सुरुवातीला एक जागा जास्त पडली होती.

"एवढ्याशा जागेसाठी?" वहिनीनं विचारलं.

"एवढ्याशा जागेसाठी. तुझ्या सासूबाई बऱ्या म्हणायच्या."

दोघी हसल्या. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या शिस्तीचे विनोद अजून घरात चालत. जागा काढली, दुसऱ्यांदा हुकूम दिला. मग पासवर्ड जुळेना, मग पोर्ट दुसऱ्याच कशानं तरी अडवून ठेवलेला निघाला. शेवटी पांढरं, रिकामं पान उघडलं आणि त्यावर छोट्या अक्षरांत आलं की अजून एकही फीड, म्हणजे बातम्यांचा स्रोत, नाही.

"आता तुझं काम," बारकी उठली. "साइटचे पत्ते एकेक करून घाल. मला हॉस्पिटलातून फोन येतोय, मी गॅलरीत आहे."

वहिनीनं पत्ते घालायला सुरुवात केली. कागदाच्या भावांची साइट, छपाई यंत्रांची, दोन दैनिकं. मग गावातल्या साप्ताहिकाची. गिरण्यांच्या बातम्या त्यात हमखास यायच्या, आणि अलीकडेच त्यांनी वेबसाइट नवी केली होती. तिनं बटण दाबलं. बाजूचा न वाचलेल्या बातम्यांचा आकडा भराभर वाढत गेला. बातम्यांची रांग वरून खाली लागली, आणि प्रत्येकीखाली लिहिलेलं होतं, आत्ताच.

सगळ्यात वरची बातमी होती गिरणीतली. बॉयलर फुटला, दोन कामगार जागीच ठार.

गिरणी तीच. तिच्या नवऱ्याची. तिनं बातमी उघडली. चारच ओळी होत्या. दुसऱ्या ओळीत मृतांची नावं होती. पहिलं नाव तिला माहीत नव्हतं. दुसरं तिच्या नवऱ्याचं होतं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, एका अक्षराचाही फरक नाही.

तिनं ती ओळ परत वाचली.  सगळं फार स्वच्छ दिसायला लागलं. टेबलावरचा पाण्याचा डाग, माउसची वायर, तिच्या बोटाला लागलेली शाई. फक्त ऐकू येईनासं झालं. गॅलरीत बारकी कुणाला तरी काहीतरी सांगत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते.

वहिनीनं नवऱ्याला फोन लावला. वाजत राहिला. पाळीवर फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात, हे तिला रोज माहीत असायचं. आत्ता ते आठवलं नाही. ती उठली, दार उघडलं आणि जिना उतरून रस्त्यावर आली. पायांत घरातल्या सपाता होत्या.

गिरणी बाजाराच्या मागे, चालत जाण्यासारखी. ती चालत नव्हती, पण पळतही नव्हती. पळालं तर ते खरं होईल असं तिला वाटत होतं. भाजीवाली तिच्याकडे बघून हसली. कुणीतरी दुकानाचं शटर वर करत होता. यांना अजून कळलेलं नाही, तिच्या मनात आलं, आणि यांना मी सांगायची नाही.

फोन वाजला. बारकी होती.

"वहिनी, कुठे आहेस? थांब तिथेच. ती बातमी आजची नाही."

"त्याचं नाव आहे त्यात."

"हो. पण ती आजची नाही. जुनी आहे. दादा ठीक आहे, माझं ऐक."

"जुन्या बातमीत तो कसा मेला असेल, बारके?"

 पलीकडून जिना उतरणाऱ्या पावलांचा आवाज येत होता.

"मी येते तिथे," बारकी म्हणाली.

गिरणीचं धुराडं रोजच्यासारखं धूर सोडत होतं. फाटकात कागदाच्या रिळांनी भरलेला ट्रक वजनकाट्यावर उभा होता, आणि ड्रायव्हर खाली उतरून आळस देत होता. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं तिला ओळखलं.

"ताई, तुम्ही? काही काम होतं?"

"त्यांना बोलवा," ती म्हणाली. एवढंच जमलं.

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. आत फोन लावला. बराच वेळ गेला. मग पत्र्याच्या शेडमधून नवरा बाहेर आला, केसांवर कागदाची पांढरी धूळ, हात पुसत.

"काय झालं? घरी काही...?"

तिनं त्याचे दोन्ही दंड धरले. मग खांदे, मग चेहरा. पहारेकरी दुसरीकडे बघू लागला.  तेवढ्यात बारकी धापा टाकत पोहोचली.

"दादा," ती म्हणाली, "तिनं ती बातमी वाचली."

कुठली बातमी, असं त्यानं विचारलं नाही.

त्यानं विचारलं नाही हे वहिनीच्या लक्षात आलं, आणि तिचे हात आपोआप खाली आले. आतापर्यंत तिला भीती वाटत होती. आता वाटत होतं ते वेगळंच होतं. आपण जिच्यावर उभे आहोत ती फरशी कुणीतरी सरकवतंय, तसं.

वजनकाट्याशेजारी पत्र्याच्या सावलीत एक बाक होता. नवरा मुकादमाला सांगून परत आला आणि बाकाच्या टोकाला बसला. बारकी उभीच राहिली.

"आपलं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट आहे," तो म्हणाला. "अण्णा तापानं गेला असं तुला सांगितलंय."

अण्णा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. बाहेरच्या खोलीतल्या फळीवर त्याचा फोटो होता, दाट भुवया, हसू दाबून धरलेलं.

"तो बॉयलर फुटला त्यात गेला. माझी रात्रपाळी होती. मी नवा लागलो होतो, एक खाडा झाला असता तर काढून टाकलं असतं. आणि मला ताप भरला होता. अण्णा पण इथेच कामाला होता, त्याची सुट्टी होती. तो म्हणाला, पडून राहा, तुझं कार्ड दे, तोंड कोण बघतंय. माझ्या कार्डावर तो आत गेला. म्हणून कागदोपत्री मी मेलो."

ट्रक सुरू झाला. तो जाईपर्यंत नवरा थांबला.

"सकाळी शेजारचे काका फोनवर ती बातमी घेऊन आले. रडत आले. मी आईसमोर पेज पीत बसलो होतो. आईनं वाचली आणि ती हसायला लागली. म्हणाली, काय हे पेपरवाले, माझ्या पोराला जिवंतपणी मारलं, हा बघा समोर बसलाय. काका पण हसले. आई मला म्हणाली, हजार वर्षं जगशील बघ आता." त्यानं हातावरची धूळ चोळली. "पाळी बदलल्याचं तिला आम्ही सांगितलंच नव्हतं. ती हसत होती आणि मला कळलं होतं. मलाच सांगावं लागलं."

 सासूबाई हसताना कशा दिसायच्या ते वहिनीला ठाऊक होतं.

"मग आईनंच ठरवलं," बारकी हलकेच म्हणाली. "तापानं गेला म्हणायचं. याच्याकडे कोणी तशा नजरेनं बघू नये म्हणून."

"ती म्हणायची, यात खोटं काही नाही," नवरा म्हणाला. "तापानंच गेला. ताप फक्त त्याचा नव्हता."

वहिनी उठली. "तुला माहीत होतं," ती बारकीला म्हणाली.

"हो."

"आणि मघाशी माझ्याबरोबर सासूबाईंवर विनोद करत होतीस."

बारकीनं मान खाली घातली. वहिनीला आणखी बोलायचं होतं. फळीवरच्या त्या फोटोची धूळ मी पुसते, आणि तो कशानं गेला हे सगळ्या गिरणीला माहीत, मला नाही. पण नवऱ्याच्या केसांवरची पांढरी धूळ तिला दिसत होती, आणि तो जिवंत होता. राग कुठे ठेवावा हे तिला कळेना. ती सपाता फटफटवत एकटी घरी गेली.

पुढचे काही दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. मीठ दे, पाळी कुठली, दार लाव. बारकीनं एक मेसेज पाठवला. ज्या बातमीला तारीख नसते तिला वाचक प्रोग्रॅम ती आणल्याची वेळ लावतो, साप्ताहिकानं जुना साठा नव्या साइटवर टाकताना तारखा गाळल्या, ते फीड काढून टाकू का? वहिनीनं उत्तर दिलं, राहू दे. आणखी थोड्या वेळानं लिहिलं, रविवारी जेवायला ये.

एका संध्याकाळी नवरा कामावरून आला, हातपाय धुतले, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसला.

"ती बातमी मला दाखव."

"तू वाचलेली नाहीस?"

"आईनं वाचली होती. नंतर माझी हिंमत झाली नाही."

तिनं बातमी उघडली आणि संगणक त्याच्याकडे वळवला. बिजागरी सैल होती, म्हणून पडदा हातानं धरून ठेवला. तो सावकाश वाचत होता. स्वतःच्या नावापाशी थांबला. तिचा हात अवघडला तरी तिनं हलवला नाही.

"अजून तसंच आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या आठवड्याला दुरुस्ती छापली होती म्हणे. इथे मीच आहे. अण्णा कुठेच नाही."

"फोन करू संपादकांना?" तिनं विचारलं. "माझं रोजचं बोलणं असतं त्यांच्याशी."

 तो बोलायला लागला, पण फोनबद्दल नाही. अण्णाला पोहता येत नव्हतं आणि तो सगळ्यांना शिकवायला जायचा. अण्णा उसने शर्ट परत करायचा नाही. अण्णानं बारकीला सायकलवर डबलसीट नेऊन दोनदा पाडलं होतं. इतक्या वर्षांत त्यानं हे नाव घरात इतक्या वेळा घेतलं नव्हतं. बोलता बोलता एकदा तो हसला, आणि हसताना चपापला. वहिनी त्याच्याकडे बघत होती. जरा थांबून तो परत बोलू लागला.

दुसऱ्या दिवशी तिनं फोन केला. संपादकांना आधी पटेना, एवढ्या जुन्या बातमीचं आता काय. मग ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, बघतो. आठवड्याभरात ती बातमी बदलली. नवऱ्याच्या जागी अण्णाचं नाव आलं.

तिनं त्याला दाखवलं. त्यानं वाचलं, आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"वय माझंच ठेवलंय. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा होता."

"मी सांगते उद्या."

"नको," तो म्हणाला. "नंबर दे."

तिनं नंबर लावून दिला. तो फोन घेऊन खिडकीपाशी गेला. पलीकडून कोणीतरी उचलला. 

"नमस्कार," तो म्हणाला. "तुमच्याकडे बॉयलरची एक बातमी आहे, तिच्यात एक चूक राहिलीय. नाही, मी तिथे नव्हतो. मी त्याचा धाकटा भाऊ बोलतोय."