साउनातला लेथ

फिनलंडहून आलेल्या आम्हा लोकांच्या ॲस्टोरियात नदी समुद्राला मिळते, तिथलं धुकं इतकं घट्ट असतं की मी एकदा त्यात खिळा ठोकून टोपी अडकवली होती. दुपारी टोपी खाली पडली. धुकं विरलं म्हणून नव्हे, खिळा गंजून तुटला म्हणून.

अशा गावात रेइनो कांगासच्या गॅरेजमध्ये सासऱ्यांचा लोखंड कातायचा लेथ होता. म्हाताऱ्याने जाताना तो जावयाला दिला आणि मुलाच्या, वेइक्कोच्या पोटात दुखलं. वेइक्को राहतो ॲरिझोनाच्या वाळवंटात. तो बजावून गेला, "युहान्नुसच्या सणाला जूनमध्ये येईन. गंजाचा एक जरी ठिपका दिसला तर लेथ गाडीत घालून नेईन. कबूल?"

"कबूल!" रेइनो तावातावाने म्हणाला.

मग त्याने तेल चोपडलं. तेलाखालून गंज आला. गॅरेजमध्ये रॉकेलचा स्टोव्ह पेटवला. रॉकेल जळलं की त्यातूनही पाण्याची वाफ निघते, हे त्याला सकाळी लेथ निथळताना दिसल्यावर कळलं.

बायको आइली म्हणाली, "बाबांच्या लेथला घाम फुटलाय. तुमचं काम बघून."

शेवटी तो माझ्याकडे आला. "काका, गावात कोरडी जागा आहे तरी कुठे?"

"तुझ्या परसात! साउनात मंद विस्तव ठेव. खोली ना तापली पाहिजे, ना निवली पाहिजे."

आम्ही चार फिनलंडवाल्यांनी मिळून लेथ उचलला आणि साउनात, म्हणजे आमच्याकडच्या तापवायच्या लाकडी न्हाणीघरात, नेऊन ठेवला. दोन महिन्यांत तो असा लखलखला की आइली त्यात बघून भांग पाडायची.

सणाला वेइक्को आला. भिंग लावून तासभर बघितलं, ठिपका नाही. तोंड वाकडं करून त्याने सदरा काढला. "चला, साउना तापवा. अंग आंबलंय."

आम्हा चौघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं! युहान्नुसला पाहुण्याला साउना नाकारणारा फिनलंडवाला अजून जन्मायचाय. आणि साउनाच्या भट्टीवरच्या तापल्या दगडांवर पाणी टाकलं की वाफ, वाफ आली की गंज. रेइनोचा चेहरा पडला.

मी त्याच्या कानात सांगितलं, "वाफेचं पाणी होतं ते गार लोखंडावर. लेथ दगडांइतकाच तापव."

तीन तास लाकडं जाळली. मग आम्ही आत बसलो, नेहमीसारखे उघडेवाघडे. वेइक्कोने मुद्दाम ओगराळ्यामागून ओगराळं ओतलं. मला माझे गुडघे दिसेनात, पण लेथ कोरडा ठणठणीत! चिडून त्याने एक ओगराळं लेथवरच रिकामं केलं. छन्न आवाज झाला आणि पाणी गुल.

"पायाशी तरी गंज असेल!" म्हणत तो वाकला, आणि त्याची मागची बाजू लेथच्या तापलेल्या चकला, कातायचा तुकडा धरणाऱ्या गोल चकतीला, टेकली.

ती आरोळी नदीपलीकडे ऐकू गेली म्हणतात. वेइक्को दार उघडून पळाला तो थेट गार पाण्याच्या पिंपात.

आइली पंचा घेऊन आली. "दादा, उठ. काका, तुम्ही पंच. बघा."

मी चष्मा पुसून बघितलं. चकचे तीन जबडे, मधलं भोक, सगळं गुलाबी उमटलेलं.

"गंज असता तर तांबडी पूड चिकटली असती," मी निकाल दिला. "कातडं स्वच्छ आहे."

"नीट बघा, काका!" वेइक्को ओरडला.

"आणखी नीट बघायची माझी तयारी नाही, बाबा."

लेथ रेइनोचाच राहिला. वेइक्कोने दिलखुलास हार मानली आणि सणाचा मासा दोनदा मागून घेऊन खाल्ला, फक्त उभ्याउभ्या.