गार पडलेला कोपरा

आमच्या भावजींना वाटतं, कन्व्हर्टर भाषणावर चालतो. ऑर्डर द्यायला आलेल्या पाहुण्यांसमोर ते तोंडाचा पट्टा सोडून होते, आणि तो कन्व्हर्टर जिनं डिझाइन केला ती मी, घरची थोरली सून, उष्णता दाखवणारा कॅमेरा धरून मागे उभी. आत आठशे व्होल्ट, बाहेर चोवीस, विजेवरच्या बसगाड्यांसाठी. ही ऑर्डर मिळाली की डिझाइनचं काम कोणाच्या हाती द्यायचं ते सासरे ठरवणार होते. भावजींनी ते आधीच ठरवलं होतं.

"कमी भारावर कार्यक्षमता किती टक्के?" पाहुण्यांनी विचारलं.

मीटरवरचा आकडा मी दोनदा वाचला. कालपर्यंत तो अर्ध्या टक्क्यानं कमी होता. मी डोकं आपटूनही जो हलला नाही, तो यांच्या हातगुणानं वाढला? वीज काही माहेराहून येत नाही.

मी कॅमेरा फिरवला. कपॅसिटरशेजारचा रेझिस्टर नेहमी लाल दिसतो, कारण तो सतत थोडी वीज खातो. खाईना का! मशीन बंद केल्यावर कपॅसिटरमध्ये साठलेले आठशे व्होल्ट तोच रिकामे करतो. आज तो कोपरा निळा, गार.

"भावजी, रेझिस्टर कापलात?" मी कुजबुजले.

"फुकटखाऊ होता तो, वहिनी. आकडा बघा की!" म्हणत त्यांनी स्विच बंदसुद्धा केला.

सासऱ्यांचा थर्मामीटरवर विश्वास नाही. मशीनवरचा दिवा विझला की जरा थांबायचं, डावा हात पेटीवर टेकायचा आणि उजव्या बोटाची मागची बाजू कपॅसिटरला जोडलेल्या तांब्याच्या पट्टीला लावून ती किती तापली ते पाहायचं, ही त्यांची जन्माची सवय. त्या रेझिस्टरच्या भरवशावरच ते ती पाळत आले होते.

"बाबा, हात नका लावू!"

"अगं, दिवा गेलाय," म्हणत त्यांनी बोट पुढे केलंच.

साठलेली वीज जमिनीत उतरवणारी, भिंतीवरची अर्थिंगची काठी मी ओढली आणि पट्टीवर हाणली. बार उडाल्यासारखा आवाज झाला. पाहुणे मागे भिंतीला जाऊन चिकटले. बोर्डाचा कोळसा झाला.

"मुद्दाम केलंत!" भावजी किंचाळले. "माझं चांगलं झालेलं बघवत नाही तुम्हाला!"

"नाहीच बघवत. पण बाबा मेलेले त्याहून बघवले नसते."

सासरे वाकले. रेझिस्टरचे कापलेले पाय त्यांनी पाहिले, मग स्वतःचं बोट. त्यांना सगळं कळलं. चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. ते पाहुण्यांकडे वळले.

"माफ करा. सूनबाईंच्या हातून चूक झाली. आमचा हा धाकटा दुसरा बोर्ड करून देईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ती काठी त्यांच्या हातात दिली.

"ही तुमच्याजवळच ठेवा, बाबा. यापुढे पट्टीला बोट लावाल ते चिरंजिवांना विचारून लावा."

त्यांनी काठी घेतली आणि दुसरा हात खिशात घातला. भावजी पाहुण्यांच्या खुर्च्या सरळ करत होते.