नागपंचमीची फवारणी

नागपंचमीला माहेरी महाडला गेलेली शुभदा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने पोलादपूरला परतली आणि फाटक उघडताच तिच्या नाकात उग्र वास शिरला. हिरवळीच्या कडेला फवारणीचा पंप आडवा पडला होता. शेजारी तणनाशकाचा डबा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जागा नवऱ्याच्या नावावर होती, पण हिरवळ तिची. गवत कापायचं पेट्रोलचं यंत्र आणायचं नाही, औषध मारायचं नाही, यासाठी ती रघुवीरशी वर्षभर भांडली होती आणि जिंकलीही होती. मागच्या आळीतली प्रयागबाई विळा घेऊन यायची, बोटभर राखून गवत कापायची आणि भारा आपल्या गाईला न्यायची. त्याच गाईचं शेणखत उन्हाळ्यात चाळून हिरवळीवर पडायचं. टाकळा, लाजाळू मात्र शुभदा शाळेत शिकवून आल्यावर स्वतः मुळासकट उपटायची.

"हे काय केलंत?"

रघुवीर व्हरांड्यात दाढी करत होता. तो नोकरीला होता त्या पतपेढीचे अध्यक्ष दुपारी जेवायला यायचे होते आणि त्याचा डोळा बढतीवर.

"अगं, टाकळा किती माजला होता! काल नागपंचमी. विळा चालवायचा नाही, उपटायचं नाही, माती उकरायची नाही. मग म्हटलं, फवारून टाकू. सण अगदी काटेकोर पाळला मी. भाजीलासुद्धा सुरी लावली नाही."

नागाला पातं लागू नये म्हणून या शहाण्याने त्याच्या वाटेवर विष शिंपडलं होतं, आणि वर सण पाळल्याचं समाधान! तेवढ्यात शुभदाच्या ध्यानात आलं, गवत कापलेलं होतं.

"प्रयागबाई येऊन गेल्या?"

"उजाडताच. भारा घेऊन गेल्या."

"आणि तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"त्याने गवताला काही होत नाही गं, फक्त टाकळा मरतो. सांगितलं असतं तर त्या कापायच्याच थांबल्या असत्या. पाहुण्यांसमोर ते जंगल दाखवायचं का?"

फवारलेलं गवत जनावरांना घालू नये, असं डब्यावर ठळक मराठीत छापलेलं होतं. शुभदाने पिशवी तिथेच टाकली आणि ती धावत सुटली.

गोठ्यात गाय मान टाकून बसली होती. तोंडातून लाळ गळत होती. दिवस भरत आलेले, पोट जमिनीला टेकलेलं.

"वयनी, बगा ना हिला काय झालं," प्रयागबाई रडकुंडीला आली होती. "गवत खाल्लान् आन् बसली. रवंथ करत नाय. पोटातलं पन हलत नाय."

"त्या गवतावर काल औषध मारलंय. आमच्या घरातून."

प्रयागबाई तिच्याकडे बघतच राहिली. "साहेब तर उभे व्हते तिथंच. मला बोलले, बारीक काप, पावने येनार हायेत."

"त्यांना माहीत होतं," शुभदा म्हणाली. नवऱ्याला पाठीशी घालायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

जनावरांचे डॉक्टर आले, सुई टोचून गेले. गाय वाचेल, वासराचं सांगता येत नाही, म्हणाले. उरलेलं गवत प्रयागबाईने कवेत गोळा केलं, डोक्यावर घेतलं, तरातरा बंगल्यावर आली आणि शुभदा मागोमाग पोचते तोच व्हरांड्यात मधोमध आपटलं.

"घ्या साहेब. पावन्यांना वाढा."

रघुवीर लालबुंद झाला. पण रस्त्यावर हॉर्न वाजला आणि तो दबक्या आवाजात म्हणाला, "शुभदा, उचल हे आधी. अध्यक्ष आले."

"मी नाही उचलणार."

"तमाशा नको गं! बघतील ते!"

"बघू देत."

मग तो स्वतःच वाकला. हात गवतापर्यंत गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला.

"माझे कालचे हातमोजे कुठे गेले?" तो इकडेतिकडे शोधत म्हणाला. "असं उघड्या हातांनी धरायचं नसतं हे."

प्रयागबाई समोरच उभी होती. तिच्या केसांत, मानेवर, दंडांवर तेच गवत चिकटलेलं होतं.

शुभदाने जाऊन अध्यक्षांसाठी फाटक सताड उघडलं.