माझ्यातून वाजलेला बारीक भाग

मी वर्नाची गिटार बोलतेय. एक पाप माझ्या पोटात आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. खोक्यात बसून टपालाने मी व्हर्जिनियाच्या या कोळशाच्या खोऱ्यात आले. वर्नाचा बाप डेल्मर खाणीत कामाला, आणि फिडल, म्हणजे खेड्यातलं व्हायोलिन, वाजवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. "धून फिडलने वाजवायची. गिटारने मुकाट्याने ठेका धरायचा," म्हणायचा. राग यायचा हो मला!

मग खाणीचं छत कोसळलं आणि डेल्मरच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. फिडल भिंतीला टांगलं गेलं ते कायमचं. वर्ना हट्टी. बापाची एकेक धून तिने नखीने माझ्या तारांवर उतरवली. फिडलचा गज जो सूर लांबवर ओढायचा, तिथे मला चार-चार ठोके द्यावे लागायचे.

"कोंबडी दाणे टिपतेय जणू!" बाप तोंड वाकडं करायचा.

घरातल्या कुणाच्या दफनाला वाजवायची, त्याच्या आजोबांची धून मात्र त्याने दिली नाही. ती शेवटची वाजली वर्नाच्या आईला पुरताना, तेव्हा वर्ना तीन वर्षांची.

"ती गिटारवर? मी मेलो तरी नाही!"

फुप्फुसांत कोळसा बसला, नाकात नळी आली, तेव्हा कुठे तो नरमला. एका सकाळी त्याने धुनेचा पहिला, खालच्या सुरांचा जाडा भाग गुणगुणून सांगितला. लगेच धाप लागली.

"वरचा बारीक भाग उद्या. आणि पोरी, मनाचं काही घुसडू नकोस हं."

दुसऱ्या दिवशी त्याला शब्द फुटेना. तिसऱ्या दिवशी तो गेला.

दफनाला सगळं खोरं टेकडीवर जमलं. वर्नाने जाडा भाग दोनदा वाजवला. तिथेच थांबायला हवं होतं. पण बापाचा दोस्त, म्हातारा होबार्ट, डोळे मिटून पुढची वाट बघत होता. तिला थांबायचा धीर झाला नाही. तिने बारीक भाग तिथल्या तिथे रचला. काय गोड होता मेला!

होबार्ट रडतच जवळ आला. "शप्पथ सांगतो, साक्षात डेल्मर वाजवत होता! मला शिकव गं."

"शिकवते, काका," वर्ना म्हणाली. घरी आल्यावर तिने मला पलंगाखाली सरकवलं. तेव्हापासून मी इथेच, तारा गंजलेल्या.

होबार्टला तिने ती नुसती गुणगुणून शिकवली. आता खोऱ्यात प्रत्येक दफनाला ती धून वाजते, डेल्मरची म्हणून. तुमच्या कानावर पडली, तर एवढं करा. जाडा भाग चालू असेपर्यंत टोपी काढून उभे राहा. डेल्मर तिथवरच आहे.