चौदाव्या घराचा होकार

शुक्रवारच्या सकाळी, ज्या समयी अवघे कुवेत सुट्टीच्या निद्रेत निमग्न असते, त्या समयी जयराम मेस्त्री अम्गऱ्याहून निघणाऱ्या बसमध्ये खिडकीला डोके टेकवून बसला होता. देह त्याचा कुवेत शहरातल्या मिरकाबच्या दिशेने चालला होता. अंतःकरण मात्र चिपळूणला, वाशिष्ठीच्या काठी, काठआळीतल्या आपल्या घराच्या पायरीवर बसले होते. कानाशी फोन होता आणि फोनमध्ये त्याची पत्नी चित्रा बोलत होती.

"अवो, बिल्डरचा माणूस काल परत येऊन गेला. चौदातल्या दहा घरांनी सह्या दिल्यात म्हणतो. राहिली ती तुमची कुवेतवाल्यांची चार. बायकांमध्ये आता मी आणि शेजारची फखरुन्निसाभाभी, दोघीच नाय म्हणणाऱ्या. नळावर कुणी माझ्याशी बोलत नाय. मी गेले की हंडे उचलतात नि चालू लागतात."

"तू नाय म्हणत राहा," जयराम म्हणाला.

"मी म्हणतेच हाय. पण तुमी तिकडं मोठ्यानं म्हणा. तुमचं नाय पाठीशी असलं, तरच माझं नाय इथं उभं राहातं. आज शेवटचा शुक्रवार हाय. ध्यानात असू दे."

वाचकहो, हे प्रकरण काय होते ते येथेच सांगणे उचित होईल. काठआळीची चौदा घरे पाडून तेथे एका बिल्डरास नदीच्या अगदी कडेला दोन उत्तुंग टॉवर उभारायचे होते. प्रत्येक घरमालकास वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट मिळणार होता. परंतु चौदाच्या चौदा सह्या महिनाअखेरपर्यंत न मिळाल्यास तो पलीकडच्या काठावर जाणार होता. एक जरी घर अडले, तरी सर्वच अडणार होते.

आणि जयरामास अडायचे होते. दोन हजार एकवीसच्या महापुरात चित्रा वीस तास घराच्या कौलांवर बसून राहिली होती आणि जयराम इकडे, अम्गऱ्याच्या लाकडाच्या यार्डात, बंद पडलेल्या तिच्या फोनवर फोन लावीत वेड्यासारखा फिरत होता. त्यानंतरच्या दोन सुट्ट्यांत त्याने स्वतःच्या हातांनी फळ्या ठोकून, काँक्रीट ओतून, ते घर आठ फूट उंच खांबांवर नव्याने उभे केले. गेल्या पावसाळ्यात नदी आली, खांबांमधून वाहिली आणि निघून गेली. वर चित्रा भात शिजवीत होती. त्या घरात जयराम एकूण एकेचाळीस रात्री निजला होता. एकोणीस वर्षांची नोकरी संपवून दोन महिन्यांनी तो कायमचा परतणार होता, तो त्याच घरात. जगाच्या पाठीवर त्याचे म्हणावे असे दुसरे काहीही नव्हते.

मिरकाबच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जगन्नाथतात्यांची खोली होती. काठआळीच्या माणसांचे मंडळ दर शुक्रवारी तेथेच भरे. जयराम पोहोचला तेव्हा तात्या स्नानास गेले होते, कुकर शेगडीवर होता आणि प्लंबरकाम करणारा तुकाराम पाय पसरून तावातावाने बोलत होता.

"या मेस्त्री, या! तुमच्यामुळं अख्खी आळी खोळंबली हाय. काय ठरलं?"

"ठरायचं काय? माझं नाय."

"तुझं घर खांबावर, म्हणून तुला नदी गोड लागते," तुकाराम उसळला. "माझ्या भिंतीवर चिखलाची रेघ अजून हाय, माझ्या डोक्याच्या वर! बायको पावसाळा आला की पोरांना घेऊन माहेरी पळते. मी लिफ्टनं सातव्या माळ्यावर जाईन नि खिडकीतनं पाण्याला वाकुल्या दाखवीन."

"तू सातव्या माळ्यावर जाशील. मागच्या आळीतले कुठं जातील? नकाशात काठाला बारा फूट भराव हाय नि वर भिंत. पाणी तिकडं वळणार. एकोणीस वर्षं असल्याच भिंतींचं काँक्रीट ओतायच्या पेट्या ठोकतोय मी, मला नको शिकवू."

"मागच्या आळीची काळजी तुला कुणी दिली? नगराध्यक्ष लागून गेलास?"

सर्वजण हसले. तात्यांचा पुतण्या दत्तप्रसाद, जो कुवेत सिटीत एका कचेरीत हिशेबनीस होता आणि ज्याने संमतीचे कागद छापून आणले होते, तोही हसला.

"आणि काम अर्ध्यात बंद पडलं तर?" जयराम हट्टाने म्हणाला. "घर पाडलेलं, नि आम्ही भाड्याच्या खोलीत."

"ह्याच्या तोंडातनं कधी चांगलं निघेल तर शप्पथ!" तुकारामाने कपाळावर हात मारला. "अरे, मी माझ्या पोरांना कोरड्या जागेत झोपवायचं म्हणतोय. एवढंच म्हणतोय ना?"

बोलता बोलता त्याचा आवाज अकस्मात फुटला. तुकाराम खोटे बोलत नव्हता, हीच तर खरी अडचण होती.

खिडकीपाशी अब्बासभाई चष्मा पुशीत निमूटपणे बसला होता. तो काठआळीत जयरामाचा अगदी लगतचा शेजारी, फखरुन्निसाभाभीचा नवरा. येथे एका दुकानाची गाडी चालवीत असे. त्याने होय म्हटले नव्हते, नाहीही म्हटले नव्हते. त्या मौनावर जयरामाची सारी भिस्त होती.

इतक्यात तात्या ओल्या केसांनी बाहेर आले. भिंतीवरच्या गावदेवीच्या तसबिरीपुढे त्यांनी नारळ ठेवला, तसे सर्व उठून उभे राहिले. गाऱ्हाणे घातल्यावाचून मंडळाची कोणतीही बैठक सुरू होत नसे. काठआळीतल्या माणसाला बोलता येऊ लागते तेव्हापासून तो गाऱ्हाण्याला साथ देतो. पाऊस लांबला तरी, लग्न ठरले तरी, गुरे आजारी पडली तरी. अब्बासभाई रीतीप्रमाणे आदराने एका बाजूस सरून उभा राहिला.

"बा गावदेवी आई, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!" तात्यांनी घनगंभीर स्वर लावला.

"व्हय म्हाराजा!" खोली दुमदुमली.

"आज ही तुझी लेकरं परमुलखात तुझ्यापुढं उभी हायत. कुणाच्या अकाम्याच्या परवान्याचं अडलं असेल, कुणाची तब्येत नरम असेल, तर ते संकट दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

जयरामाचे डोळे मिटलेले होते. मिटलेल्या डोळ्यांपुढे नळावर एकटी उभी असलेली चित्रा होती. बैठकीत कोणत्या शब्दांनी आरंभ करावा, प्रथम भरावाचे बोलावे की प्रथम घराचे, याची जुळवाजुळव तो मनातल्या मनात करीत होता.

"आनि आळीतल्या चौदा घरांनी एकदिलानं, एकमतानं नदीकाठच्या टॉवरचं काम मनावर घेतलंय. ते निर्विघ्न पार पाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शब्द मुखातून निघून गेल्यावर त्याचा अर्थ जयरामापर्यंत पोहोचला. त्याचाच आवाज होता तो. किंबहुना सर्वांहून खणखणीत होता, कारण लहानपणापासून गाऱ्हाण्यात त्याचाच आवाज मोठा. नारळ फुटला.

"अरे वा, मेस्त्री!" तुकारामाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "देवीपुढं बोललास! माझ्या मनावरचा दगड उतरला."

"मी... तसं नाय..." जयराम चाचरला. तोवर दत्तप्रसादाने कागद मांडले होते, तात्यांनी सही केली होती, तुकारामाने केली होती. आणि जयराम पाहातो तो अब्बासभाई खाली वाकून सही करीत होता.

"अब्बासभाई! तुमी काय केलंत हे?"

"तू व्हय म्हणालास ना?" अब्बासभाईने आश्चर्याने वर पाहिले. "मी तुझ्या तोंडाकडं बघत होतो, जयराम. तू नाय म्हणशील, मग मी तुझ्यामागून म्हणीन, असं फखरुन्निसाला सांगून ठेवलं होतं. एकटा अडून बसायला मी काय खुळा हाय?"

"मी चुकून म्हटलं! सवयीनं निघालं तोंडातनं! खोडा ती सही."

"तू तुझ्या देवीसमोर बोललास. तिथं बोललेलं खोटं, असं मी कसं धरू?" अब्बासभाईने पेन खाली ठेवले. "तू तुझा शब्द रीतसर फिरव. मी माझी सही फिरवतो. जबान देतो."

बुडत्याला फळी सापडावी तसा जयराम तात्यांकडे वळला. "तात्या, दुसरं गाऱ्हाणं घाला. चुकलं-माकलं पदरात घे म्हणा. जयरामाचा शब्द त्याला परत दे म्हणा. तुमच्या पाया पडतो."

तात्यांनी फुटलेल्या नारळाचे तुकडे ताटात गोळा केले. ते दुष्ट नव्हते. चौदा घरे एकमताची व्हावीत असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते; एकट्या जयरामाचा हट्ट गाऱ्हाण्यात विरघळेल अशी आशाही असावी.

"दिलेला शब्द परत मागायचं गाऱ्हाणं मला येत नाय," ते शेवटी म्हणाले. "माझ्या बापालाही येत नव्हतं."

"मग मी घालतो."

जयराम तसबिरीपुढे हात जोडून उभा राहिला. त्याने आयुष्यात कधी गाऱ्हाणे घातले नव्हते, केवळ साथ दिली होती.

"बा गावदेवी आई, म्हाराजा... ह्या लेकराच्या तोंडातनं नको ते निघालं. मन एकीकडं नि जीभ एकीकडं झाली. ते तू धरू नको म्हाराजा!"

तो थांबला. साथ दिल्यावाचून गाऱ्हाणे पुरे होत नाही, हे तेथे प्रत्येकास ठाऊक होते. तुकाराम आपल्या पायांच्या बोटांकडे पाहात होता. दत्तप्रसाद कागदांच्या कडा जुळवीत होता. तात्यांचे ओठ किंचित हलल्यासारखे वाटले, पण त्यांतून काही बाहेर पडले नाही.

"धरू नको म्हाराजा!" जयराम पुन्हा ओरडला. ओरडताना त्याचा आवाज चिरकला.

कुकरने शिट्टी दिली. अब्बासभाईने घड्याळ पाहिले, जुम्म्याच्या नमाजाची वेळ होत आली होती. तो जयरामाच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून जिना उतरून गेला. सही कागदावर तशीच राहिली.

जयराम जिन्यात आला. तेथे तप्त वाऱ्याचा झोत वर चढत होता. त्याने चित्राला फोन लावला आणि काहीही न लपवता सारे सांगितले.

"चित्रा?"

"हाय मी. म्हणजे फखरुन्निसाभाभी पण गेली."

"माझ्यामुळं गेली. आता तूच सांग, काय करू? देवीपुढं बोललोय."

"तुमी बोललात. मला कुणी विचारलं होतं? चौदा घरांचं एकमत म्हणाले तात्या, त्यात चौदाव्या घरात राहातं कोण? तुमी एकेचाळीस रात्री राहिलात. कौलांवर मी बसले होते." तिचा श्वास फोनवर जोरजोराने ऐकू येत होता. "तुमाला सही करायची तर करा. पण मग ते पाडायला येतील तेव्हा मी आत असेन. मी बाहेर येणार नाय. एवढं त्या देवीलाही सांगा."

"असं बोलू नको गं."

"मग काय बोलू? भांडायला आता माझ्याकडं माणूस नाय उरलं."

ती रडत नव्हती. रडली असती तर जयरामास ते सोसवले असते. फोन ठेवून तो जिन्याचा कठडा धरून उभा राहिला. एका बाजूस गावदेवी होती, दुसऱ्या बाजूस बायको. आणि एकीला दुखावल्यावाचून दुसरीकडे जाण्याचा मार्ग त्यास कोठेही दिसेना. अखेरीस तो वर गेला.

"तात्या, मी सही करत नाय," तो दारातूनच म्हणाला. "देवीपुढं खोटा पडलो तो मी पडलो. पाप माझं. तिनं काय द्यायची ती शिक्षा मला द्यावी."

"म्हणजे तुझ्या एकट्यापायी तेरा घरं चिखलात!" तुकाराम उठून अंगावर धावला, दत्तप्रसादाने त्यास आवरले. "माझी पोरं बुडाली ना, जयराम, तर तुझ्या दारात आणून ठेवीन मी!"

जयरामाने मान खाली घातली. आपण जन्मभर हे बोलणे ऐकत राहणार, हे त्यास उमगले होते.

तात्या शांतपणे म्हणाले, "जो गाऱ्हाण्याचा शब्द मोडतो, तो मंडळात राहात नाय. तुला ठाऊक हाय. उन्हाळा तोंडावर हाय, तू उघड्यावर काम करतोस. उद्या इथं काही बरंवाईट झालं तर मंडळावाचून तुझे कागद कोण करणार? तुला घरी कोण पोचवणार?"

"दोन महिने हायत तात्या. देवी ठेवील तसा राहीन."

"देवीचं नाव आता तू घेऊ नको."

जयरामाने दाराशी काढलेल्या चपला पायांत सरकवल्या. आतून डाळीचा आणि नुकत्या उघडलेल्या भाताचा वास आला. ताटे मांडल्याचा आवाज आला. मंडळाच्या खोलीतून शुक्रवारी उपाशी कोणी जात नसे. चपलेचा पट्टा लावण्याच्या निमित्ताने तो वाकून थोडा वेळ तेथेच रेंगाळला. जेवून जा, असे कोणीही म्हणाले नाही. तेव्हा तो सावकाश तीन मजले उतरला आणि अम्गऱ्याची बस धरण्यासाठी भर दुपारच्या उन्हात चालू लागला.